वाचनालयाचं पुनर्वर्गीकरण: पुस्तकं नव्याने लावताना काय बदलायचं, काय नाही

'पुनर्वर्गीकरण' हा शब्द कार्यकारी मंडळाच्या सभेत निघाला की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळं काम उभं राहतं. कोणाला कपाटं हलवायची असतात, कोणाला फाटकी पुस्तकं काढून टाकायची असतात, कोणाला सगळं संगणकावर चढवायचं असतं. मग ठराव एका कामाचा होतो, पैसे दुसऱ्या कामाला लागतात आणि पुस्तकं महिनाभर जमिनीवर पडून राहतात. म्हणून आधी शब्दांचा घोळ मिटवावा.

पडताळणी म्हणजे दाखल नोंदवहीत (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने लिहिलेल्या वहीत) जे पुस्तक आहे ते कपाटात आहे का, हे पाहणं. फेरमांडणी म्हणजे पुस्तकाचा क्रमांक तोच ठेवून फक्त जागा बदलणं, जसं की कादंबऱ्या आतल्या खोलीतून बाहेरच्या दालनात आणणं. निर्लेखन म्हणजे जीर्ण किंवा कालबाह्य पुस्तकं रीतसर बाद करणं. पुनर्वर्गीकरण या तिन्हींहून वेगळं आहे. एखादं पुस्तक कोणत्या वर्गात मोडतं हा निर्णयच त्यात नव्याने घेतला जातो. त्यामुळे पुस्तकाचा वर्गांक (त्याचा वर्ग सांगणारा अंक किंवा अक्षर), पाठीवरची चिठ्ठी, यादीतली नोंद आणि कपाटातली जागा या चारही गोष्टी बदलतात. चारांपैकी एक जरी मागे राहिली तरी ते पुस्तक हरवल्यात जमा.

ठरावात शब्द नेमका वापरा. 'ग्रंथसंग्रहाचे पुनर्वर्गीकरण करण्यात यावे' असा मोघम ठराव नको. 'चरित्र व इतिहास विभागांचे पुनर्वर्गीकरण आणि कथा-कादंबरी विभागाची फेरमांडणी करण्यात यावी' असं लिहिलं की कोणत्या पुस्तकांची चिठ्ठी बदलणार आणि कोणत्यांची नाही, हे स्पष्ट होतं. सगळा संग्रह एकदम हाती घेण्याची गरज बहुतेक वाचनालयांना नसतेच.

गरज आहे का, हे देवघेवीच्या टेबलावर कळतं

आपली जुनी वाचनालयं वर्गीकरणाच्या पद्धतींपेक्षाही जुनी आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. अमेरिकन ग्रंथपाल मेल्व्हिल ड्यूईने विषयांना अंक देणारी दशांश वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध केली ती १८७६ मध्ये, म्हणजे त्यानंतर जवळपास अर्ध्या शतकाने. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत तर १९३३ ची. साहजिकच आपल्याकडे पुस्तकं आली तशी दाखल होत गेली आणि दाखल क्रमांकानेच कपाटात लागली. पुढे कोणीतरी 'का' म्हणजे कादंबरी, 'ना' म्हणजे नाटक, 'च' म्हणजे चरित्र अशी अक्षरं पाडली आणि प्रत्येक अक्षरात पुन्हा अनुक्रमांक दिले. वाचकाने छापील यादी पाहायची, क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि आतून पुस्तक आणून मिळायचं. कपाटं कुलपात होती तोवर ही पद्धत चोख चालली.

अडचण मुक्तद्वार पद्धतीत सुरू होते. वाचक स्वतः कपाटापाशी गेला की त्याला 'का ११४२' शेजारी 'का ११४३' दिसतं. या दोन पुस्तकांत साम्य एवढंच की ती एकाच आठवड्यात विकत घेतली गेली. व. पु. काळ्यांचं एक पुस्तक वाचून दुसरं शोधणाऱ्याला दहा ठिकाणी फिरावं लागतं.

म्हणून पंधरा दिवस टेबलावर एक वही ठेवा आणि वाचक जे मागतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. 'नारायण धारपांचं काही आहे का', 'किल्ल्यांवरचं पुस्तक', 'शेळीपालन', 'आजीला वाचायला मोठ्या अक्षरातलं', 'तलाठी परीक्षेचं'. ही वही हातात असली की सभेत मतभेद उरत नाहीत. कथा-कादंबरी लेखकाच्या नावाने मागतात, शेती विषयाने मागतात, चरित्र ज्याचं चरित्र आहे त्याच्या नावाने मागतात. मांडणी त्याच मागणीला धरून करायची. 'वाचकाचा वेळ वाचवा' हे रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेलं ग्रंथालयशास्त्राचं चौथं सूत्र इथे शब्दशः लागू पडतं.

दाखल क्रमांकाला हात लावू नका

हा एक नियम मोडला तर बाकीचं सगळं बरोबर करूनही उपयोग नाही. दाखल क्रमांक ही पुस्तकाची कायमची ओळख आहे. त्यावरून बिल सापडतं, किंमत सापडते, लेखापरीक्षणात उत्तर देता येतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता आणि अनुदान घेणाऱ्या वाचनालयाला तर दाखल नोंदवही हा पहिला पुरावा आहे. ती पुन्हा 'स्वच्छ' लिहून काढायचा मोह होतो, विशेषतः अक्षर वाईट असेल तर. तसं करू नका. जुन्या नोंदवहीत वर्गांकाचा रकाना असेल तर जुना अंक एका रेघेने खोडून शेजारी नवा लिहा. रकाना नसेल तर शेऱ्यात लिहा. जुना अंक वाचता आला पाहिजे, कारण पुढची काही वर्षं कोणीतरी जुनी छापील यादी घेऊन येणारच.

काही वाचनालयांत दाखल क्रमांक आणि कपाटातला क्रमांक एकच असतो. तिथे पहिलं काम म्हणजे या दोघांची फारकत करणं. दाखल क्रमांक मुखपृष्ठाच्या आत आणि ठरलेल्या एका पानावर शिक्क्यासह राहू द्या. पाठीवर येईल तो वर्गांक.

पद्धत निवडताना

लहान वाचनालयासाठी माझं मत स्पष्ट आहे. ललित साहित्याला अक्षरं, माहितीपर पुस्तकांना ड्यूईचे अंक. ड्यूईप्रमाणे मराठी साहित्याचा अंक ८९१.४६. त्यापुढे १ लावला की कविता, २ लावला की नाटक, ३ म्हणजे कथा-कादंबरी, ४ म्हणजे निबंध. महाविद्यालयीन ग्रंथालयात हे ठीक आहे, कारण तिथे इंग्रजी आणि हिंदी साहित्यही शेजारी असतं. गावच्या वाचनालयात दहापैकी सात-आठ पुस्तकं मराठी कथा-कादंबऱ्याच असतील, तर प्रत्येकीच्या पाठीवर ८९१.४६३ लिहून वाचकाला काय कळणार? तिथे 'का' पुरे. त्याखाली लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरं.

माहितीपर पुस्तकांना मात्र अंक हवेत, कारण विषय वाढत जातात आणि अक्षरं अपुरी पडतात. सगळी कोष्टकं लागत नाहीत. शंभरच्या दहा पायऱ्या ध्यानात ठेवा: ००० सामान्य ज्ञान व संगणक, १०० तत्त्वज्ञान व मानसशास्त्र, २०० धर्म, ३०० सामाजिक शास्त्रं, ४०० भाषा, ५०० विज्ञान, ६०० तंत्रज्ञान, ७०० कला व क्रीडा, ८०० साहित्य, ९०० इतिहास व भूगोल. मग आपल्याकडे जिथे गर्दी आहे तिथेच पुढचे अंक वापरा. ६३० शेती, ६३४ फळबागा, ६३६ पशुपालन, ६४१.५ स्वयंपाक, ७९६ खेळ, ३९८ लोककथा, ९५४.७९२ महाराष्ट्राचा इतिहास. ज्या विषयाची चारच पुस्तकं आहेत त्याला तीन आकड्यांपुढे नेऊ नका. द्राक्षाला ६३४.८ असा स्वतंत्र अंक आहे. नाशिक किंवा सांगली भागातल्या वाचनालयात तो वापरावा, सिंधुदुर्गात ६३४ वर थांबलं तरी चालतं.

ड्यूईची पद्धत अमेरिकेत जन्मली आणि धर्माच्या वर्गात ते ठळक दिसतं. २२० पासून २८० पर्यंतची जागा ख्रिस्ती धर्माला आणि बाकी सगळे धर्म २९० च्या घरात. हिंदू धर्म २९४.५, बौद्ध २९४.३, जैन २९४.४, इस्लाम २९७. मराठी वाचनालयात या एका घरात दोन-तीन कपाटं भरतात. म्हणून २९४.५ मध्ये स्वतःचे उपविभाग पाडून घ्या: स्तोत्रं-व्रतं, पुराणं, गीता व उपनिषदं, संप्रदाय. हे उपविभाग तुमचे स्वतःचे आहेत, हे लिहून ठेवा.

निर्णयवही

एक शंभर पानी वही घ्या आणि तिच्यावर 'निर्णयवही' लिहा. कामातलं सगळ्यांत मोलाचं साधन हेच. पुनर्वर्गीकरणात नव्वद टक्के पुस्तकं हातात घेताच कुठे जायची ते कळतं. उरलेल्यांवर वाद होतात. तो वाद एकदाच व्हावा, निर्णय तारखेसह लिहिला जावा आणि पुढच्या प्रत्येक वेळी तोच पाळला जावा. निर्णय थोडा चुकीचा असला तरी चालेल, पण दोन वेळा दोन वेगळे नकोत.

संतसाहित्य हा पहिला वाद. तुकोबांची गाथा कवितेत की धर्मात? शास्त्राप्रमाणे दोन्ही बाजूंना आधार आहे. माझं मत असं की मूळ अभंग, ओव्या आणि त्यांच्यावरचे अर्थग्रंथ, निरूपणं सगळी एकत्र एका 'संतसाहित्य' कप्प्यात ठेवावीत. सकाळी वाचनालयात येणारा वारकरी वाचक आणि मराठी विषय घेऊन एम. ए. करणारी मुलगी, दोघंही त्याच कप्प्याशी येतात. क्रम संतांच्या नावाने लावा. इथे आडनाव पुढे आणायचं नाही. ज्ञानेश्वर, तुकाराम, नामदेव ही नावं अशीच राहतील. जनाबाईंचे अभंग नामदेवांच्या गाथेच्या आवृत्तीत छापलेले असतील तर पुस्तक नामदेवांपाशी, आणि जनाबाईंच्या जागी 'नामदेव पाहा' असं कार्ड.

दुसरा वाद किल्ल्यांचा. पद्धत काटेकोर पाळली तर शिवकाळातला किल्ल्याचा इतिहास ९५४.७९२ मध्ये, भटकंतीचं मार्गदर्शक पुस्तक प्रवासाच्या ९१५.४ च्या घरात आणि तटबंदी-बुरुजांच्या बांधणीवरचं पुस्तक ७२५ च्या वास्तुकलेत जाईल. एका विषयाची पुस्तकं तीन कपाटांत विखुरली. रविवारी राजगडावर जाणारा मुलगा शनिवारी संध्याकाळी येऊन तिन्ही मागतो. तेव्हा ९५४.७९२ खाली 'किल्ले' असा उपविभाग करून सगळी तिथे आणावीत आणि निर्णयवहीत लिहावं की हा अपवाद जाणूनबुजून केला आहे.

तिसरा चरित्रांचा. इथे लेखकाचं नाव मागे आणि चरित्रनायकाचं पुढे. शिवाजी महाराजांची सगळी चरित्रं सलग, डॉ. आंबेडकरांची सलग, सावित्रीबाईंची सलग, मग लेखक कोणीही असो. आत्मचरित्रंही याच रांगेत घ्या. दलित आत्मकथनं साहित्यात ठेवावीत असा आग्रह धरणारे आहेत आणि त्यामागचा विचार मला मान्य आहे. ते आधी साहित्य आहे. पण वाचक ती आत्मचरित्रं म्हणूनच मागतात, म्हणून पुस्तक चरित्रात ठेवावं आणि साहित्य विभागाच्या यादीत त्याची दुसरी नोंद करावी. पुस्तक एका जागी राहतं, नोंदी मात्र दोन ठिकाणी करता येतात. कार्डपेटीचा किंवा संगणकाचा मोठा फायदा हाच.

अनुवाद मूळ लेखकाच्या नावाने लावा. कन्नड लेखक भैरप्पांची कादंबरी मराठीत आली तरी वाचक भैरप्पाच मागतो. अनुवादकाच्या नावाची जोडनोंद यादीत ठेवा, कारण उमा कुलकर्णींनी काय काय अनुवादित केलं आहे असं विचारणारेही येतात.

लेखकाचं नाव: मराठीतला खरा गुंता

आडनाव आधी, मग स्वतःचं नाव किंवा आद्याक्षरं. 'देशपांडे, पु. ल.', 'देशपांडे, गौरी', 'देशपांडे, सुनीता'. चिठ्ठीवर आडनावाची किती अक्षरं घ्यायची, हे आपल्या संग्रहात पाहून ठरवा. दोनच घेतली तर देशपांडे आणि देशमुख दोघंही 'देश'. म्हणून तीन घ्यावीत: 'देशपां' आणि 'देशमु'. कुलकर्णी, जोशी, पाटील यांच्यासाठी आडनावापुढे स्वतःच्या नावाचं अक्षरही लागतं. जी. ए. कुलकर्णींच्या पुस्तकावर 'कुलक जी' लिहिलं तर ती इतर कुलकर्ण्यांत मिसळत नाहीत.

टोपणनावांचा नियम एका वाक्यात सांगायचा तर, पुस्तकावर जे नाव छापलं आहे ते धरा. पण एकाच लेखकाची पुस्तकं दोन नावांनी असतील तर? वि. वा. शिरवाडकरांची नाटकं शिरवाडकर या नावाने आहेत आणि कविता कुसुमाग्रज या नावाने. नाटक आणि कविता वेगवेगळ्या विभागांत जात असल्याने कपाटात अडत नाही, यादीत मात्र दोन्हीकडे 'पाहा' नोंद हवी. गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी यांचंही तसंच. आरती प्रभु आणि चिं. त्र्यं. खानोलकर हेही एकच. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, आणि त्यांच्या पुस्तकांच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर वेगवेगळ्या रीतीने नाव दिसतं. अशा वेळी सगळ्या आवृत्त्या एकाच नावाखाली आणा आणि दुसऱ्या नावाच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा उभा करून त्यावर 'विभावरी शिरूरकर पाहा' लिहा. तो तुकडा पुस्तकाइतकाच उंच असू द्या, नाहीतर दोन पुस्तकांमध्ये दबून जातो.

आता अकारविल्हे, म्हणजे वर्णमालेप्रमाणे लावायचा क्रम. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो आणि क्ष, ज्ञ सगळ्यांत शेवटी. त्या क्रमाने कावळे, काशीकर, काळे अशी आडनावं लागतील. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक सांकेतिक क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या पद्धतीत, ळ ला जागा मिळाली आहे ती ल च्या पाठोपाठ, व च्या आधी. नुसत्या सांकेतिक क्रमांकांवर चालणारा प्रोग्रॅम काळे, कावळे, काशीकर असा क्रम देईल. क्ष हे संगणकासाठी क, हलन्त आणि ष यांचं जोडाक्षर, म्हणून क्षीरसागर क च्या पोटात जातात आणि तेही कौ नंतर. ज्ञ ज च्या पोटात जातो. तुमचा प्रोग्रॅम काय करतो हे पाहण्यासाठी कावळे, काशीकर, काळे, क्षीरसागर आणि हळबे ही पाच आडनावं भरून क्रम लावून बघा. एका मिनिटाचं काम आहे. कपाट वर्णमालेप्रमाणे लावावं असं मला वाटतं, कारण वाचक तीच पाठ करून आलेला आहे. पण छापील यादी संगणकाच्या क्रमाने निघणार असेल आणि ती बदलणं तुमच्या हातात नसेल, तर कपाटही त्याच क्रमाने लावा आणि भिंतीवर तो क्रम मोठ्या अक्षरांत लिहा. यादी एक सांगते आणि कपाट दुसरंच, असं मात्र होऊ देऊ नका.

अनुस्वाराचंही आधी ठरवा. कंक हे आडनाव कडू च्या आधी की कौल नंतर? संगणक बहुतेकदा आधी लावतो. ते स्वीकारून टाकलेलं बरं.

यादी संगणकावर भरताना एक चूक डोळ्यांना दिसतच नाही. गोऱ्हे, कऱ्हाडकर अशा आडनावांतला ऱ्ह दोन प्रकारे टंकता येतो. एकात टिंबाचा ऱ वापरलेला असतो, दुसऱ्यात साधा र आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटतात. एकाच लेखिकेची पुस्तकं यादीत दोन ठिकाणी फुटली की समजावं, हेच झालं आहे. एका ठिकाणचं नाव पुसून दुसरीकडचं तिथे उतरवा, हाताने पुन्हा टंकू नका. आद्याक्षरांमधल्या मोकळ्या जागांचंही तसंच: 'पु.ल.' आणि 'पु. ल.' वेगळे धरले जातात. जुनी यादी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्याशिवाय क्रम लावायला बसू नका. आणि दाखल क्रमांक मजकूर म्हणून भरले गेले असतील तर १ नंतर १०, मग १००, मग २ असा क्रम येतो. तो रकाना संख्येचा करा.

प्रत्यक्ष काम

मुहूर्त महत्त्वाचा. पावसाळ्यात डिंक नीट धरत नाही आणि दमट हवेत उघड्यावर ठेवलेल्या पुस्तकांना कसर लागते. दिवाळीनंतरचे दोन महिने दिवाळी अंकांच्या देवघेवीत जातात. मार्चमध्ये हिशेबांची घाई. म्हणून संक्रांतीच्या सुमाराला सुरुवात करून फेब्रुवारीअखेर संपवणं सोयीचं पडतं. वाचनालय बंद ठेवू नका. एका वेळी एक विभाग घ्या आणि दारावर लिहा: 'या आठवड्यात चरित्र विभाग मिळणार नाही.'

तीन माणसं लागतात. एकाने पुस्तक पाहून वर्ग सांगायचा, दुसऱ्याने नोंदवहीत आणि कार्डावर लिहायचं, तिसऱ्याने चिठ्ठी लावायची. वर्ग सांगणारा माणूस पूर्ण विभागभर एकच असावा. तो बदलला की निर्णय बदलतात. पुस्तकाच्या नावावरून वर्ग ठरवू नका. अनुक्रमणिका आणि मलपृष्ठ वाचा. काव्यमय नावाखाली शेअर बाजार निघतो आणि रुक्ष नावाखाली कवितासंग्रह.

एका कप्प्यातली पुस्तकं उतरवा, कपाट पुसा, सांदीत वाळवीची माती आहे का पाहा. सतरंजीवर वर्गाप्रमाणे ढीग लावा. ज्याचा निर्णय होत नाही ते पुस्तक बाजूच्या टोपलीत टाका आणि पुढे चला. टोपलीतली पुस्तकं दिवसाच्या शेवटी निर्णयवही उघडून एकत्र पाहा. एकेका पुस्तकावर तिथल्या तिथे चर्चा करत बसलात तर दिवसभरात एक कप्पाही होणार नाही.

प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड करा, पाच बाय तीन इंचांचं. वर वर्गांक, मग लेखक, नाव, आणि खाली दाखल क्रमांक. ही कार्डं कपाटातल्या क्रमानेच ठेवायची. पुढच्या पडताळणीला हाच आधार. संगणक असेल तर ई-ग्रंथालय किंवा कोहा यांसारख्या प्रणालीत भरा, पण काम चालू असताना कार्डं हातात असलेली बरी. ढिगाबरोबर कार्डांचा गठ्ठाही फिरतो आणि दिवसाअखेर दोन्ही मोजून जुळवता येतात. पुस्तकं आणि कार्डं सारखी भरली नाहीत तर त्याच संध्याकाळी शोधा.

चिठ्ठी पाठीच्या तळापासून एक इंच वर लावा, सगळ्यांची एकाच उंचीवर. त्यासाठी पुठ्ठ्याची पट्टी कापून माप म्हणून वापरा. पाठ बारीक असेल तर चिठ्ठी मुखपृष्ठाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात. जुनी चिठ्ठी ओल्या फडक्याने भिजवून निघाली तर काढा, नाहीतर तिच्यावर नवी चिकटवा. खरवडू नका, पाठीचा कागद सोबत येतो. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावण्याची सवय सोडावी. काही वर्षांत ती पिवळी पडते, निघून येते आणि डाग ठेवते. न पसरणाऱ्या काळ्या शाईने मोठ्या अक्षरांत लिहा. संध्याकाळच्या मंद उजेडात चष्मेवाल्या वाचकाला उभ्याने वाचता आलं पाहिजे.

मांडताना डावीकडून उजवीकडे, कप्पा संपला की त्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात. शेजारच्या कपाटात वरच्या वर सरकत जायचं नाही. कप्पे गच्च भरू नका. नव्वद सेंटिमीटरच्या कप्प्यात दोन सेंटिमीटर जाडीची पंचेचाळीस पुस्तकं मावतात. तीस ठेवा. उरलेली जागा पुढच्या तीन-चार वर्षांच्या खरेदीची आहे. आज ती भरलीत तर पुढच्या वर्षी 'देशपांडे' घुसवण्यासाठी 'यादव' पर्यंतची सगळी रांग ढकलावी लागेल. जागाच नसेल तर आधी निर्लेखनाचा ठराव करून घ्या. बाद करण्याच्या ढिगात जाणाऱ्या प्रत्येक जुन्या पुस्तकाचं प्रकाशनवर्ष मात्र पाहा. एकोणिसाव्या शतकातलं किंवा स्थानिक छापखान्यात छापलेलं पुस्तक फाटकं असलं तरी ते दुर्मिळ विभागाचं आहे.

बालविभागाला अंक लावू नका. पाठीवर रंगीत पट्ट्या पुरतात: चित्रांची पुस्तकं, मोठ्या अक्षरांच्या गोष्टी, किशोर कादंबऱ्या. मुलं रंग पाहून पुस्तक परत जागेवर ठेवतात. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची आहे आणि जुन्या वाचनालयांत त्यांचे बांधीव गठ्ठे सापडतात. ते आधी वर्षाने आणि वर्षात अंकाच्या नावाने लावा. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं वेगळी ठेवा आणि चिठ्ठीवर आवृत्तीचं साल ठळक लिहा. तिथे जुनं पुस्तक विद्यार्थ्याचं नुकसान करतं.

मांडणी झाल्यावर

विभाग पुरा झाला की त्या दिवशी आलेल्या एखाद्या वाचकाला यादी देऊन पाच पुस्तकं शोधायला सांगा आणि काही न बोलता पाहत राहा. तो जिथे थांबतो तिथे फलक हवा किंवा 'पाहा' कार्ड हवं. वाचनालयात रोज बसणाऱ्या माणसाकडून ही चाचणी करून घेऊ नका, त्याला जागा आधीच माहीत झालेली असते.

पुस्तकं परत लावण्याचं काम ज्या मदतनिसाकडे आहे, त्याला निर्णयवही वाचून दाखवा. वर्गीकरण ग्रंथपालाने केलं तरी ते टिकवणारा तोच. परत आलेली पुस्तकं आधी एका टेबलावर क्रमाने लावून मगच कपाटाकडे न्यायची सवय लावा. आठवड्यातून एकदा एका कप्प्याचा क्रम डोळ्यांखालून घाला, म्हणजे चुकीच्या जागी गेलेली पुस्तकं तिथेच सापडतील.

शेवटचा प्रश्न सभासदांच्या घरी असलेल्या पुस्तकांचा. काम सुरू झालं तेव्हा देवघेवीत असलेल्या प्रत्येक पुस्तकाची देवघेवीची चिठ्ठी (पुस्तक नेताना टेबलावर राहते ती) वेगळ्या डब्यात काढून ठेवा आणि तिच्यावर 'जुना अंक' असा शिक्का मारा. पुस्तक परत आलं की थेट कपाटात जाणार नाही, आधी पाठीवर नवी चिठ्ठी, कार्ड, नोंद, मग जागा. डब्यातल्या चिठ्ठ्या दर महिन्याला मोजा. जूनपर्यंत ज्यांची पुस्तकं आली नाहीत त्या सभासदांना पत्र किंवा फोन करा आणि वर्षभरानंतरही डब्यात उरलेल्या चिठ्ठ्यांची यादी दाखल क्रमांकासह कार्यकारी मंडळापुढे ठेवा.